पत्र्यापलीकडची गुणगुण

हे घडलेलं आहे. ज्या नूतनच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण, आणि भुताखेतांचा विषय निघाला की चिडून उठून जाणारी बाई.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे अकरा. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीकाठचा एक कारखाना. नाव सांगत नाही.

तिथे एक हीट एक्स्चेंजर आहे. खोलीएवढी लोखंडी पेटी, आत शेकडो नळ्या. नळ्यांत पाणी, बाहेरून पंख्याने ढकललेली गरम हवा. लोड सत्तर टक्क्यांवर गेला की पेटी घुमायची. इतकी, की केबिनच्या काचा थरथरायच्या. असंच चालू राहिलं असतं तर नळ्यांना तडे गेले असते.

नूतन तिथली मेंटेनन्स इंजिनीअर. तिला कारण ठाऊक होतं. नळीला वळसा घालताना हवेचे भोवरे सुटतात, एकदा या बाजूने, एकदा त्या. त्यांचा ठेका पेटीच्या रुंदीशी जुळला की अख्खी पेटी वाजते. उपाय सोपा. मधोमध एक उभा पत्रा घातला की रुंदी निम्मी होते आणि ठेका चुकतो.

चार महिने मॅनेजरशी भांडून तिने पत्रा बसवून घेतला.

पेटी घुमतच राहिली.

"मॅडम, पेटी नाही, तुमचं गणित घुमतंय," मॅनेजर सगळ्यांसमोर हसला.

तिने तीनदा आकडेमोड तपासली. चूक सापडेना. जेवण जाईना, झोप लागेना.

म्हणून त्या मंगळवारी, प्लांट बंद असताना, ती स्वतःच पेटीत शिरली. पंखा बंद. त्याच्या स्विचला कुलूप, चावी तिच्याच खिशात. दाराशी जुना फिटर दिनानाथ.

आत वाऱ्याची झुळूकही नव्हती.

आणि... गुणगुण सुरू झाली.

तिने नळ्यांवर हात ठेवला. स्थिर. पत्र्यावर ठेवला. स्थिर.

आवाज पत्र्यापलीकडून येत होता. त्या बाजूला दारच नव्हतं.

मग तो थांबला... क्षणभर... आणि पुन्हा सुरू झाला.

माणूस श्वास घ्यायला थांबतो ना, तसा.

भोवऱ्यांना श्वास लागत नाही.

"दिनानाथ, पलीकडे कोण आहे?"

"कोण न्हाय, मॅडम. तिकडं जायला वाट कुठं हाय?" आणि त्याने आत वाकून कान दिला. त्यालाही ऐकू येत होतं.

कुणी कामगार अडकला की काय? नूतनने गेटवर फोन लावला. ते दोघे सोडून अकरा जण कामावर होते. अकराही बाहेर उभे होते.

"मॅडम, पत्रा कापू या," दिनानाथ म्हणाला.

"चार महिने भांडलेय मी त्याच्यासाठी!" ती खेकसली.

पलीकडून... टक. टक. टक.

"काप," नूतन म्हणाली.

पत्रा निघाला. पलीकडे नुसत्या नळ्या. धुळीत एक पाऊलही नाही.

फक्त दोघांच्या मधून काहीतरी गार, दाराच्या दिशेने सरकत गेलं.

गुणगुण थांबली.

दोन दिवसांनी प्लांट पत्र्याविनाच चालू झाला. लोड साठ... पासष्ट... सत्तर. नूतन कान देऊन उभी.

काहीच नाही.

मॅनेजरने लिहून टाकलं, तक्रार मिटली.

"मिटली कशी? तीच पेटी, त्याच नळ्या, तीच हवा. ती वाजायलाच हवी!" नूतन ओरडली. कुणी ऐकून घेतलं नाही. दिनानाथने दुसऱ्याच दिवशी दुसरीकडे बदली मागून घेतली.

परवा ती मला फोनवर म्हणाली, "अजूनही लोड सत्तरवर गेला की मी पेटीपाशी जाऊन उभी राहते. म्हणते, एकदा तरी घुम, बाई. म्हणजे ते आतच आहे, बाहेर पडलेलं नाही, एवढं तरी कळेल."