माणिक, साहेबाले सांग

कट्... अडकित्त्यात सुपारी फुटली, तेव्हा कुठं सेलूच्या त्या घरातली शांतता मोडली.

"माणिक, आईले सांग," सदाशिवराव पुतणीला म्हणाले, "मी सही देत नाई. किराण्याचं एवढं दुकान, अन् घरची सून नादार? लोकं हासतीन."

कॉलेजची फी माफ व्हायची, तर घर नादार, म्हणजे फी भरायची ऐपत नसलेलं, असल्याचं कर्त्यानं लिहून द्यावं लागे. प्रमोदिनी दाराआड उभी होती. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलायची चाल नव्हती. नवरा गेल्यापासून दोन शब्द बोलायचे, तरी मधे चार वर्षांची लेक लागे.

"माणिक, मोठेबाबाले सांग, फी भरा मंग."

"विधवेले कॉलेज कायले पाह्यजे, विचार तिले."

दुसऱ्याच दिवशी माणिकला कडेवर घेऊन ती पॅसेंजरनं वर्ध्याला गेली. कॉलेजच्या कचेरीत खिडकीमागे एक तरुण कारकून होता... डोळे हसरे, बोटाला शाई. त्यानं वर पाहिलं. सवयीनंच तिच्या तोंडून निघालं,

"माणिक, साहेबाले सांग, फी माफ करून पाह्यजे."

तो गालात हसला. "माणिकबाई, आईसाहेबांना सांगा, त्याला कर्त्याची सही लागते."

"सांग, कर्ते देत नाई."

"विचारा, काऊन?"

"सांग, घरी दुकान आहे म्हणून."

"मग आईसाहेब तर श्रीमंत झाल्या."

हे मात्र तिला झोंबलं. पदर सावरून तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं. "दुकान त्याईचं. घर त्याईचं. अंगावरचं लुगडंही त्याईनं दिलं तवा आहे. मी नादार नाई, तं कोण आहे?"

त्यानं टाक तिच्यापुढं ठेवला. "हेच लिहा. कर्त्याच्या जागी तुमचंच नाव टाका. प्रिन्सिपॉलसाहेबांपुढं मी उभा राहतो."

नरहर त्याचं नाव. पुढं कधी जन्मतारीख अपुरी निघे, कधी शिक्का राहून जाई, आणि तिला पुन्हा वर्ध्याची खेप पडे...

"मागच्या खेपेला तं तुमी म्हणाले, आता काई बाकी नाई," ती म्हणाली.

"तेव्हा नव्हतं. तुमची गाडी सुटल्यावर आठवण आली."

"कागदाची?"

बाहेर माणिक निंबोळ्या वेचत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "कागदाचीही."

तो 'ही' प्रमोदिनीनं सेलूपर्यंत पदरात बांधून नेला.

फी माफ झाली, हे सांगायला नरहर स्वतःच सेलूला आला. ओटीवर सदाशिवराव बसलेले.

"कोण म्हणायचे आपण?"

नरहरची नजर दाराकडे गेली... आणि प्रमोदिनी उंबरा ओलांडून बाहेर आली. माणिकला मधे न घेता.

"भाऊजी, याईनं माझी फी माफ करवली. मी कॉलेजात जाईन. अन् हे म्हणतीन तं... याईच्यासंग संसारही करीन."

नरहरचे कान लाल झाले. "म्हणतो," तो पुटपुटला. "कधीचा म्हणून राह्यलो... मनात."

सदाशिवराव ताडकन उठले. आज तेही थेट बोलले. "जाय तुले जायचं तं. पण पोरगी या घरची आहे. ते इथंच राहीन."

"लेक माझी आहे, भाऊजी. ते कोणाच्या दुकानातून आणली नाई."

तिनं माणिकला उचललं नि ती पायऱ्या उतरली. नरहर बाजूला सरला, मग तिच्या बरोबरीनं चालू लागला. कोणी अडवलं नाही. रस्त्यावर आल्यावर माणिकनं आईच्या गळ्यात हात टाकले.

"आई, मोठेबाबा म्हणते मी या घरची... मंग तू कोन्या घरची?"