जोर कुठं द्यायचा

भोरच्या स्टँडवर वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत सुलक्षणा बसली होती. श्रावणातली झड सकाळपासून हटली नव्हती. मोबाईलकडे बघत ती पुटपुटत होती, "हॉस्पिटलायझेशन... हॉस्पिटलायझेशन..."

"जोर 'झे'वर द्या," शेजारून कुणीतरी म्हणालं.

तिनं चमकून पाहिलं. चष्म्यावर थेंब, मांडीवर भिजकी छत्री... तो संकोचला. "मी इंद्रजित. इंग्रजीचा क्लास घेतो इथं. शब्दाचे तुकडे करा – हॉस्-पि-ट-लाय-झे-शन. शेवटी 'शन' आला, की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर."

"आमी तर समद्या तुकड्यांवर सारखाच जोर देतो!"

"म्हणून तर गोऱ्या साहेबाला वाटतं, आपण भांडतोय," तो हसला.

सुलक्षणा वेल्ह्याकडच्या गुंजवणे गावची; भोरमधल्या एका दवाखान्यात नर्स. इंग्लंडच्या नोकरीसाठी दिलेल्या परीक्षेत ती नेमकी बोलण्यात नापास झाली होती. वडील गेल्यापासून घर तिच्याच जिवावर होतं. ड्यूटी संपली की ती इंद्रजितच्या क्लासच्या अंधाऱ्या, ओल आलेल्या खोलीत शिकायला जाऊ लागली. तो बाकावर बोटानं ठोके द्यायचा – हलका, हलका, जोराचा – आणि ती शब्द म्हणायची. कधी शब्द संपून जायचा, तरी दोघं एकमेकांकडे बघतच राहायची...

त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तो भोर सोडणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"सर, मी पुन्हा नापास झाले तर?" एकदा तिनं मुद्दाम विचारलं.

"तर... पुन्हा शिकवीन."

"मग होऊ का नापास?"

तो हसला नाही. खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाला, "पुढचा शब्द घ्या."

तिच्या आत काहीतरी विझलं. ती परीक्षेला गेली आणि पास झाली. व्हिसाही आला.

निघायच्या दिवशी तो स्टँडवर आला. बॅग चढवून दिली, तिच्या खिडकीखाली उभा राहिला. पुण्याची एसटी सुरू झाली, तशी त्यानं खिडकीची दांडी धरली.

"तुझ्यावाचून मला करमायचं नाही, सुलक्षणा."

'तू'... पहिल्यांदाच.

तिचे डोळे भरून आले. "मग आधी का न्हाई बोललात?"

"आधी बोललो असतो, तर तू नापास होऊन आली असतीस."

खरं होतं ते. कंडक्टरनं घंटी दिली. दांडीवरची त्याची बोटं तिनं घट्ट धरली... आणि मग तिनंच एकेक करून सोडवली.