नव्यांच्या खोलीतल्या सपाता

डबा बंद होता. चारही कड्या लागलेल्या. आणि आत साप नव्हता.

मोरिवाकी आजोबांनी आतला कागद उचलला, लपायची मातीची वाटी उलटी करून पाहिली. काही नाही. शेजारच्या डब्यातलं दुसरं पिल्लू जीभ लपलपवत बसलं होतं. दोघांना घरी येऊन आठ दिवस झाले होते, आज पहिलं जेवण द्यायचं होतं. गोठवलेले, कोमट पाण्यात सैल केलेले दोन छोटे उंदीर चिमट्याजवळ तयार होते.

साप दिसेनासा झाला की कळवायचं, नियम म्हणजे नियम. आजोबा स्वतः खाली गेले आणि सोसायटीच्या अध्यक्ष शिराइशीबाईंना म्हणाले, "एक जनावर नाहीये. कड्या लागलेल्या आहेत, पण जनावर नाहीये." बाईंनी तिथूनच पोलीसचौकीला फोन लावला.

जपानमधल्या योनागोच्या बंदरावरच्या चौकीतून हवालदार इनागाकीबाई सायकल मारत आल्या. वय चोपन्न. सापाला त्या भयंकर भ्यायच्या, पण चौकीत हे कुणाला माहीत नव्हतं आणि त्यांना ते तसंच ठेवायचं होतं.

"आज संध्याकाळी सहाला मीटिंग आहे," शिराइशीबाईंनी दारातच तोंड सोडलं. "यांनी लेखी दिलंय. एक जरी निसटला तर अकराच्या अकरा घराबाहेर! माझी नात जिन्यात खेळते हो."

"निसटलाच असेल," आजोबा म्हणाले. "माझीच चूक. कडी राहिली असेल लावायची."

"मघाशी तर म्हणालात, कड्या लागलेल्या होत्या."

"वय झालं. काहीही बोलतो माणूस."

इनागाकीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. स्वतःचं घर रिकामं व्हायची वेळ आलेला माणूस स्वतःविरुद्धच साक्ष देत होता. असं सहसा होत नाही.

बैठकीच्या खोलीत नऊ जुने साप आपापल्या काचपेट्यांत निवांत होते. इनागाकीबाई पेट्यांपासून अंग चोरत आजोबांच्या दिवंगत बायकोच्या, हिसायोंच्या फोटोपुढे गेल्या. कुणाच्याही घरी गेलं की आधी गेलेल्या माणसाला हात जोडायचे, ही रीत. त्यांनी उदबत्ती हातात घेतली.

"राखेत नीट उभी राहील ना?"

"राहील. पहाटे पाचला चाळतो मी राख. मग एक काडी लावतो. रोजचं आहे."

राखेत दोन जळकी बुडखं होती. बाईंनी आपली काडी त्यांच्या शेजारी खोचली आणि हात जोडले. फोटोला टेकून आणखी एक छोटा फोटो होता: दहाएक वर्षांची मुलगी, गळ्यात साप, तोंडभर हसू.

"ही कोण?"

"सुमिए. मुलगी. ओकायामाला असते."

"येते का?"

"कामं असतात तिला," आजोबा म्हणाले.

"काही कामं नसतात!" शिराइशीबाई उसळल्या. "ती बिचारी सारखी बोलावतेय. मार्चमध्ये न्हाणीघरात पडले होते हे. दीड दिवस! पेपर साचलेले बघून मी दार वाजवलं म्हणून वाचले. पण नाही. म्हणे, या अकरा जणांना कोण बघणार?"

"तेव्हा नऊच होते," आजोबा पुटपुटले.

आता नव्यांची खोली. आधी तिथे हिसायोंचं शिवणयंत्र असायचं. नवं जनावर आलं की तीन महिने तिथे, जुन्यांपासून लांब. जुन्यांचं सगळं उरकलं की शेवटी नव्यांकडे जायचं, म्हणजे आजार पसरत नाही. चिमटा वेगळा. सपाताही वेगळ्या, दाराच्या आत ठेवलेल्या.

"सकाळी कसे गेलात, तसेच जाऊन दाखवा," इनागाकीबाई म्हणाल्या.

आजोबांनी दार उघडलं. सपाता दाराकडे चवडे करून वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. त्यांनी पायाच्या अंगठ्याने आधी एक फिरवली, मग दुसरी. दुसरी जरा लांब गेली. ते चिडले, तिला ओढून आणलं आणि मग पाय घातले.

"रोज असंच?"

"गुडघे वाकत नाहीत. आधी हिसायो फिरवून ठेवायची."

"सकाळीही अशाच फिरवल्यात?"

आजोबा सपातांकडेच बघत राहिले.

"आजोबा?"

"आठवत नाही."

बाईंनी विषय सोडला आणि बाल्कनीत गेल्या. दोरीवर एक अभ्रा वाळत होता. त्याच्या शेजारी दोन चिमटे नुसतेच लटकत होते.

"एकाच उशीचा धुतलात?"

"दोन उश्या आहेत," आजोबा म्हणाले. "दोन्हीचे धुतो."

घरात माणूस एक. बाईंनी विचारलं, "सकाळी कुठे होतात?"

"सहा ते साडेसात समुद्रावर. रोज."

"किल्ली आणखी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही." फारच चटकन आलं हे उत्तर.

पिल्लं ज्याने विकली त्या दोईला बाईंनी फोन लावला. मात्सुएतलं त्याचं दुकान, तो तिथेच होता. "हात लावला कुणी? अहो, नवीन जागेत आठ दिवस हातसुद्धा लावायचा नसतो!" तो ओरडला. "आणि न्यायचं कसं म्हणता? जाणता माणूस कापडी पिशवीत घालतो, वर गाठ मारतो. अभ्राही चालतो."

इनागाकीबाई चटईवर बसल्या.

"शिराइशीबाई, साप निसटलेला नाही. नेलाय. कड्या परत लावायची अक्कल सापाला नसते. नेणाऱ्याकडे किल्ली आहे, कारण कुलूप शाबूत आहे. आजोबा साडेसातपर्यंत बाहेर असतात, हे त्याला माहीत आहे. साप कसा न्यायचा हे त्याला कळतं, दोरीवरचा अभ्रा त्याने त्यासाठीच काढला. नव्यांच्या खोलीच्या सपाता वेगळ्या, हेही त्याला सांगावं लागलं नाही. त्या घातल्या, आणि निघताना वाकून फिरवून ठेवल्या. पुढच्याचा पाय सरळ आत जावा म्हणून. त्यामुळेच मघाशी आजोबांना काही आठवेना. तशी सवय या घरात एकाच बाईला होती, ती आता नाही. म्हणजे तिच्या हाताखाली वाढलेलं कुणीतरी. आणि आजोबा, तुम्ही पहाटे एकच काडी लावलीत. राखेत दोन आहेत. चोर आईला नमस्कार केल्याशिवाय गेला नाही."

"सुमिए?" शिराइशीबाई पुढे सरकल्या. "पण का?"

"तुमचाच कागद, बाई. एक निसटला की सगळे बाहेर. साप गेले की बाबांना इथे थांबायला कारण उरत नाही."

आजोबा फोटोकडे बघत होते.

"सकाळी पाय सरळ आत गेले," ते हळूच म्हणाले. "क्षणभर वाटलं, हिसायोच आहे घरात. मग डबा पाहिला. खाली गेलो, जे पाहिलं ते बोलून बसलो. जिना चढताना उलगडलं सगळं."

"आणि तरी कडी राहिली म्हणालात? अकराही गेले असते ना!" शिराइशीबाई म्हणाल्या.

"मग काय पोरीला चौकीत पाठवू?"

इनागाकीबाईंनी घरच्याच फोनवरून सुमिएला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा?"

"हवालदार बोलतेय. कुठे आहात?"

मागे स्टेशनवरची घोषणा चालू होती. "इथेच, स्टेशनवर. चार गाड्या सोडल्या. पिल्लू गार पडेल म्हणून कोटात धरून बसलेय. काय करू कळत नाहीये."

वीस मिनिटांनी ती आली. चाळिशीची, डोळे सुजलेले, कोटाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. तिने गाठ मारलेला अभ्रा दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला.

आजोबांनी तो घेतला नाही.

"साडेसातला आलो असतो मी," ते म्हणाले. "दोन वर्षांनी घरात आलीस. आईला भेटलीस. तासभर थांबता आलं नाही?"

"थांबले असते तर नेता आलं नसतं, बाबा." ती मटकन खाली बसली. "दीड दिवस पडून होतात तुम्ही. तेव्हापासून फोन पहिल्याच घंटीला उचलते मी."

शिराइशीबाईंनी नाक पुसलं. "मीटिंगमध्ये सांगेन, लेक साप बघायला घेऊन गेली होती. निसटला कुठे?" मग दटावून म्हणाल्या, "पण कडीला कुलूप लावा!"

"तक्रार नसेल तर माझं काम झालं," इनागाकीबाई म्हणाल्या. जायच्या आधी त्यांनी धीर करून अभ्र्यावरून एक बोट फिरवलं. आत काहीतरी हललं. त्या ताडकन दारापर्यंत पोचल्या.

सुमिए पिल्लाला डब्यात सोडून आली. "चिडलंय. आज खाणार नाही."

"आता पुन्हा आठ दिवस मोजायचे. हात लावायचा नाही, छेडायचं नाही." आजोबांनी घसा खाकरला. "तूही राहा आठ दिवस. ओकायामाचं मी काही बोलणार नाही. तूही काही विचारू नकोस. आठ दिवस झाले की बघू, कोण खातंय आणि कोण नाही."

"उशी आहे का मला?"

"आहे की," आजोबा म्हणाले. "फक्त अभ्रा धुवावा लागेल."