उष्ट्या सफरचंदांची वाट

"सापडला! रुळाचा खिळा सापडला!" ओढ्याकाठून कॉर्बिन ओरडला आणि डेल्फियाच्या पोटात दुखायला लागलं.

अ‍ॅलेगेनीच्या डोंगरातून पूर्वी दोन गाड्या वेगवेगळ्या वाटांनी धावत: एक लाकडाचे ओंडके वाहणारी, दुसरी गावात येणारी पॅसेंजर; दोन्ही केव्हाच बंद पडल्या, रूळही उखडले. पॅसेंजरचा मार्ग शोधणाऱ्या नातवंडाला आजोबा पणजोबांची गार्डाची शिट्टी देणार होते. त्या शिट्टीवर डेल्फियाचा लहानपणापासून डोळा होता. आणि हा मामेभाऊ पिट्सबर्गहून धातू शोधायचं यंत्र घेऊन टपकला!

"शाब्बास रे पठ्ठ्या!" रेल्वेप्रेमी मंडळाचे हार्लेसकाका खूश झाले. "मार्ग इथूनच! उद्या इथेच पाटी ठोकू!"

"एका खिळ्यावरून?" डेल्फियानं विचारलं.

"जळतेय ही!" तिचा धाकटा भाऊ बॉइड खिदळला.

"तू गप्प बस!" ती फणकारली, पण जळत तर होतीच. पाय आपटत ती एकटीच डोंगर चढून गेली आणि एका झाडाखाली बसली. टप्पकन डोक्यात सफरचंद पडलं! चावलं तर आंबटढाण. पुढे आणखी एक झाड, त्यापुढे आणखी एक. मेपलच्या दाट रानात सफरचंदाची झाडं ओळीनं डोंगराला वळसा घालून गेली होती, आणि त्यांच्या कडेनं जमीन कशी सपाट!

इथे झाडं लावली कुणी? तेवढ्यात तिला आजोबांची गोष्ट आठवली. लोक सफरचंद खाऊन उष्टं खिडकीबाहेर भिरकावतात म्हणून पणजोबा सारखे करवादायचे.

'उद्या सगळ्यांसमोर कॉर्बिनचं नाक कापते!' या विचारानं तिला गुदगुल्या झाल्या. पण भक्कम पुरावा हवा तर यंत्र हवं, आणि यंत्र होतं कॉर्बिनचं. राग गिळून ती खाली आली.

"यंत्र घेऊन जरा वर येतोस?"

"काय देशील?"

"सफरचंद!"

दोन-चार झाडं होताच यंत्र किंचाळलं. मातीतून निघाली डब्याच्या खिडकीची पितळी कडी!

दुसऱ्या दिवशी हार्लेसकाकांनी ओढ्याकाठी हातोडा उचलला.

"थांबा काका! ही लाकडं वाहणाऱ्या गाडीची वाट आहे. पॅसेंजर वरून जायची!"

"अगं, पण खिळा..."

"वर सफरचंदाची झाडं आहेत ओळीनं, खिडकीतून फेकलेल्या उष्ट्यांतून उगवलेली. ओंडके सफरचंद खातात का?"

सगळे खो खो हसले. हार्लेसकाका धापा टाकत वर चढले, झाडांची ओळ पाहिली, कडी हातात घेतली आणि हातोडा खाली ठेवला. "पोरांनो, आमची लाज राखलीत!"

"माझ्या बाबांचं करवादणं कामी आलं म्हणायचं!" म्हणत आजोबांनी शिट्टी डेल्फियाच्या गळ्यात घातली. तिनं ती दणकून फुंकली आणि ऐटीत कॉर्बिनकडे पाहिलं. तो ओठ घट्ट मिटून शिट्टीकडे बघत होता.

"ती झाडं मीही पाहिली होती," तो पुटपुटला. "वाटलं, नुसती झाडं."

हे तोंड तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. सुट्टीभर ती तेच घेऊन फिरत होती.

"घे," ती म्हणाली. "एकदाच हं! आणि पुसून परत दे!"

कॉर्बिननं अशी फुंकली की सगळा डोंगर दणाणला. तिच्याहून खणखणीत!

डेल्फियाच्या पोटात पुन्हा थोडंसं दुखलंच.