कुलपाचा फोटो

दोन हजार अकरा साल. त्या वर्षी संक्रांत उलटून गेली तरी जुन्नरची थंडी हटायला तयार नव्हती. हुदा दारात बसून उन्हात केस सुकवत होती. दार कसलं म्हणा... पत्राच तो. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचं. गावाबाहेर गेणभाऊंच्या द्राक्षबागेच्या कडेला, काढणीच्या मजुरांसाठी बांधलेली ती शेड. आदल्या पावसाळ्यात मामूच्या घराची भिंत बसली. मामू बायकोमुलांना घेऊन दोन भाड्याच्या खोल्यांत गेला, आणि नवं घर उभं राहीपर्यंत हुदा आणि तिची अम्मी साबेरा इथे येऊन राहिल्या.

"मीटर बघायचंय."

हुदाने केस मागे टाकून वर पाहिलं. खांद्याला बॅग, हातात बिलाचं यंत्र, पायांत धुळीने पांढरे झालेले बूट. आणि डोळे असे, की काम मीटरचं आहे हे स्वतःच विसरून गेलेले.

"मीटर आत आहे. पण अम्मी घरात नाहीये."

"मग?"

"मग काय... तुम्ही बाहेरच थांबा. मी वाचते, तुम्ही लिहा."

ती पत्र्याच्या पेटीवर चढली. "सात, एक, चार, शून्य!"

बाहेरून हसू दाबलेला आवाज आला. "चार महिन्यांत सात हजार युनिट? शेडमध्ये पिठाची गिरणी टाकली का काय?"

हुदाने पुन्हा पाहिलं आणि जीभ चावली. घाईत तिने आकडे उलटीकडून वाचले होते.

"चारशे सतरा," ती पडेल आवाजात म्हणाली.

"ते आमी आधीच लिहिलंय."

त्याचं नाव रिजवान. राजुरीचा. हे तिने विचारलं नव्हतं, त्यानेच जाता जाता सांगितलं. वळणावर गेल्यावर त्याने मागे पाहिलं, आणि ती अजून पेटीवरच उभी होती.

हुदाला त्या बिलाची गरज होती, आणि तीही जगावेगळी. अम्मी जुन्नरचीच. लग्न होऊन कराचीला गेली, विधवा झाली आणि सहा वर्षांच्या हुदाला घेऊन माहेरी परतली. अम्मीचं नागरिकत्व पुढे परत मिळालं. हुदाचं राहून गेलं. शाळा जुन्नरची, मैत्रिणी जुन्नरच्या, भांडणंसुद्धा जुन्नरच्या मराठीत... पण कागदावर ती परकी. दरवर्षी व्हिसा वाढवायचा, आणि परवानगीशिवाय तालुक्याची हद्द ओलांडायची नाही. आता ती बावीस वर्षांची होती. अर्ज करायचा तर त्याआधीचे सलग बारा महिने एका जागी राहिल्याचा पुरावा हवा होता. पत्र्याच्या शेडला कुठला आला घरनंबर? भाडेकरार नाही, सातबाऱ्यावर शेडची नोंद नाही. होतं ते फक्त अम्मीच्या नावाचं तात्पुरतं मीटर.

"बिलावर नाव अन् पत्ता असला की झालं की," गेणभाऊ म्हणाले होते. "अजून काय पायजे त्यांला?"

फेब्रुवारीत रिजवान आला तेव्हा अम्मी घरी होती. दोन मिनिटांत काम झालं. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला. मार्चमध्ये तो आला तेव्हा हुदा एकटी तांदूळ निवडत होती.

"या महिन्याची भेट संपली म्हणायची," त्याने यंत्र काढत म्हटलं.

"भेट? रीडिंग म्हणा."

"रीडिंग दहा सेकंदांचं असतं. मी मघापासून इथंच हाय."

हुदाने मान खाली घातली, पण तिच्या बोटांनी खड्यांऐवजी तांदूळच फेकले. त्याने ते पाहिलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "घर बंद असलं ना, की आमाला आठ दिवसांनी दुसरी फेरी मारावी लागती."

"हो?"

"कुलपाचा फोटो काढायचा. यंत्रात 'घर बंद' टाकायचं. मग परत यायचं."

हुदा उठली, आत गेली आणि खिळ्याला टांगलेलं कुलूप घेऊन आली. दार ओढून घेतलं, कडी घातली आणि आपल्या हाताने त्या दाराला कुलूप लावलं.

"काढा फोटो."

"हसू नका ना... मोबाइल हलतोय."

"मोबाइल तुमचा, हात तुमचा, आणि हसायचं नाही मी?"

असं सुरू झालं. दर महिन्याला आधी कुलूप, मग आठ दिवसांनी दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत घेतलेलं रीडिंग पुढच्या हिशेबात धरलं जायचं. छापलेल्या बिलावर मात्र कुलपाचाच फोटो यायचा, खाली बारीक अक्षरांत 'घर बंद'. इतर मुली चिठ्ठ्या जपतात. हुदाने बिलं जपली. एका प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावून. प्रत्येक फोटो पाहून तिला आठवायचं... हा एप्रिलचा, तेव्हा मेंदी ओली होती म्हणून कुलूप त्याने लावलं. हा जूनचा, तेव्हा मला ताप होता आणि तो दाराबाहेरच उकिडवा बसून राहिला होता.

ऑगस्टमध्ये पाऊस असा कोसळत होता की पत्र्याखाली बोललेलं बोलणाऱ्याला ऐकू येत नव्हतं. रिजवान छत्री धरून बाहेर, हुदा आत पेटीवर. तिने बोटांनी आकडे दाखवले. आठ... दोन... सहा. त्याने मान हलवली. मग त्याने एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं, एक तिच्याकडे केलं आणि दोन्ही बोटं जुळवून भुवया उंचावल्या.

हुदाने हात पाठीमागे लपवले. पण मान... मान तिची हललीच.

"एकदा तळेघरला नेईन तुला," पाऊस ओसरल्यावर तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला. "माझी पहिली ड्युटी तिकडं होती. धा घरांची मीटरं बघायला अर्धा दिस चालायचं. पण भातखाचरं बघशील ना... लई हिरवं."

"तळेघर आंबेगाव तालुक्यात. म्हणजे मला परदेशच."

"मग कागद झाल्यावर."

"कागद झाल्यावर तू मामूकडे येशील?"

"दुसऱ्या फेरीत न्हाई, पहिल्याच फेरीत येईन."

ती खळखळून हसली. तसं हसणं पुन्हा तिच्या वाट्याला फारसं आलं नाही.

दोन हजार बाराच्या मार्चमध्ये अर्जाची चौकशी लागली. तालुक्याच्या कचेरीत एका टेबलापाशी साहेब बसले होते. समोर हुदा, शेजारी अम्मी, मागे मामू आणि गेणभाऊ. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने पिशवीतली बिलं एक-एक करून टेबलावर मांडली.

"बाई, या बिलांवर तर घर बंद आहे. मार्चपासून फेब्रुवारीपर्यंत, प्रत्येक महिन्याला. मग बारा महिने तुम्ही होतात कुठे?"

जी बिलं हुदा वर्षभर उराशी धरून होती, ती एका ओळीत उलटी बोलत होती.

"न्हाई वो सायेब," गेणभाऊ पुढे झाले. "माझ्याच शेडात व्हत्या त्या. मी रोज बघतोय ना."

"तुमची शेड कुठल्या कागदावर आहे का, गेणभाऊ?"

मामूने हात जोडले. "आमच्या पोरीचं जाणं-येणं सगळं सरळ आहे, साहेब. काहीतरी चूक झालीय."

"चूक झाली असेल तर ती कुणीतरी सांगायला हवी. नाहीतर मला बारा महिने धरता येणार नाहीत. आणि परकीय बाई वर्षभर कुठे होती, हा प्रश्न वेगळाच उभा राहतो."

पुढच्या तारखेला रिजवान आला. हुदाने त्याला बोलावलं नव्हतं. मीटरवाल्यांच्यात बातमी पोचली होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो टेबलापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "घर बंद नव्हतं, साहेब. नोंदी मी खोट्या केल्या."

"का?"

"परत यायला मिळावं म्हणून."

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. साहेबाने चष्मा काढला. "म्हणजे त्या राहत होत्या, हे तू पाहिलंस?"

"दर महिन्याला दोनदा, साहेब. मार्चात तांदूळ निवडत होत्या. एप्रिलमध्ये हाताला मेंदी होती, मावसबहिणीच्या लग्नाची. जूनमध्ये ताप होता, तीन दिवस. ऑगस्टात छप्पर गळत होतं, तर पेटीशेजारी परात ठेवलेली. दिवाळीत गेणभाऊंच्या घरून फराळ आला होता, त्यातली एक करंजी मला दिली..." तो थांबला. "कुठलाबी महिना विचारा."

इतकं सरळ, इतकं उघड कुणी कुणावर प्रेम असल्याचं सांगितलं असेल का? आणि तेही सरकारी टेबलापुढे, उभ्याने.

साहेब तिच्याकडे वळला. आवाज मऊ केला. "फोटोत कुलूप तर दिसतंय. ते तुम्ही स्वतः लावायचात का? तसं असेल तर तेवढं लिहून द्या. मी दोघांचे जबाब जोडतो. बाराही महिने धरता येतील."

एक शब्द. 'हो.'

हुदाने मामूकडे पाहिलं. त्याचा जबडा आवळलेला, नजर जमिनीवर. गेली सोळा वर्षं या माणसाने आपल्या ताटातलं दिलं होतं. अम्मीने पदर तोंडावर घेतला होता. बाहेर मोहल्ल्यातली दोन माणसं दाराशी रेंगाळत होती. संध्याकाळपर्यंत घरोघर कळलं असतं, की साबेराची पोरगी...

"मी... मी यांना ओळखत नाही."

रिजवानने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर पुढची वर्षं तिला सोपी गेली असती.

"खोटी नोंद केल्याचं तुला मान्य आहे?" साहेबाने त्याला विचारलं.

"मान्य." त्याने पेन घेतलं, सही केली. "पण त्या राहत होत्या, साहेब. तेवढं तरी लिहा."

साहेबाने लिहिलं नाही. लिहून उपयोग नव्हता.

अर्ज परत आला. रिजवानची नोकरी त्याच आठवड्यात गेली. महिनाभर हुदा रोज दारात बसली, पण मीटर वाचायला आता दुसराच माणूस यायचा, आणि तो आकडे अचूक टिपून दोन मिनिटांत निघून जायचा.

मामूचं घर पुढच्या वर्षी उभं राहिलं. हुदाने तिथल्या पत्त्यावर महिने नव्याने मोजायला घेतले. एकदा कागद अपुरे निघाले, एकदा नियम बदलले, एकदा फाइल पुण्यात कुठेतरी अडकली. दोन हजार सोळात अम्मी गेली. दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात हुदाच्या हातात प्रमाणपत्र पडलं, तेव्हा ती तीस वर्षांची होती. तिने लग्न केलं नाही. शिवणकाम करते, आणि मोहल्ल्यात कुणाचा कसला अर्ज असला की शेजारी बसून भरून देते.

गेणभाऊंनी शेड मोडली, तिथे आता शेवंती लावतात. चौकशीचे साहेब निवृत्त झाले.

मामू थकला. गेल्या वर्षी आजारपणात उशाशी बसलेल्या हुदाला तो आपण होऊन म्हणाला, "त्या दिवशी तू हो म्हणाली असतीस ना... तर मी काय केलं असतं गं? चार दिवस बोललो नसतो तुझ्याशी. एवढंच."

हुदा उठून त्याच्यासाठी पाणी आणायला गेली, आणि बराच वेळ परत आली नाही.

रिजवानने पिंपळवंडीला मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. चौदा सालात त्याचं लग्न झालं. दोन मुली आहेत, हुशार आहेत म्हणतात. एका रविवारी जुन्नरच्या बाजारात भाजीच्या पाट्यांमधून वाट काढताना तो आणि हुदा समोरासमोर आले. त्याच्या कानांजवळ केस पांढरे झाले होते. दोघंही थांबले. त्याच्या बायकोने कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकत विचारलं, "कोण वो या?"

हुदाने रिजवानकडे पाहिलं.

"या?" रिजवान म्हणाला. "या जुन्नरच्याच. पहिल्यापास्नं."