मघाशीच पुढे गेलेली पिवळी गाडी

“तू रस्ता वाच पोरी, गाडी मी वाचतो.”

विल्फचा तो आवाज एनिडच्या कानात अजून तसाच होता. लग्नाच्या वर्षीचा, टप उघडलेल्या गाडीत वाऱ्याच्या वर चढवलेला, हसरा, थोडा बढाईखोर. तेव्हापासून जुन्या गाड्यांच्या क्लबच्या दरेक फेरीला हेच चालत आलेलं. तिच्या मांडीवर रस्त्याचा छापील कागद, त्यावर बाणांच्या इवल्या आकृत्या. ती वाचायची, “चर्चपाशी डावीकडे, मग पूल, मग चढ,” आणि तो नुसता हुंकार द्यायचा. जात्यावर एकीनं ओवी म्हणावी आणि दुसरीनं खुंटा ओढावा, तसा त्यांचा संसार गाडीत चालायचा.

या मे महिन्यात मात्र रस्ता तीच वाचत होती आणि गाडीही तीच.

“पूल आला. क्लच दाब. दुसरा. हं, आता सोड, सावकाश.”

सूर तोच ठेवायचा. शेजारून कुणी सायकलवाला गेलाच, तर त्याला वाटावं की बाई वळणं सांगतेय.

हिवाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यांच्या हातात आता गाडी द्यायची नाही. एनिडनं मान हलवली, कोट चढवला आणि हेक्सहॅमला घरी येऊन ते बोलणं पोटात ठेवलं. कारण एकच. या फेरीच्या शेवटी, तळ्याकाठच्या हॉटेलात, क्लब विल्फचा सत्कार करणार होता. त्यानं स्वतः गाडी चालवत फाटकातून आत यावं, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, मग गाडीवर कापड घालायचं ते कायमचं. एवढा एक दिवस निभावला की झालं. लोकांना कळलं असतं तर त्यांनी दया दाखवली असती, आणि ती तिला बघवली नसती. त्याच्याही तळाशी एक गोष्ट होती, ती तिनं स्वतःशीसुद्धा कधी उच्चारली नव्हती. तिला त्याची लाज वाटत होती. आणि लाज वाटते, याची लाज तर त्याहून मोठी.

म्हणून बार्नार्ड कॅसलच्या बाजारातून गाड्या सुटल्या, तेव्हा ती मुद्दाम मागे रेंगाळली. क्लबची चिटणीस हेस्टर, जाड चष्म्याची, खणखणीत बोलणारी, सगळ्यांना निशाण दाखवून पुढच्या थांब्याकडे निघून गेली. लाल, हिरव्या, निळ्या दोन आसनी गाड्या घुमत, धूर सोडत, एकामागून एक नाहीशा झाल्या. एनिड पर्समध्ये हातमोजे शोधत राहिली. हातमोजे तिच्या हातातच होते. शेवटचा आवाज टेकडीआड विरला, तेव्हाच ती म्हणाली, “चल, विल्फ. किल्ली फिरव.”

सकाळ फार देखणी होती. दरीतली गवताची रानं फुलांनी पिवळी झालेली, दगडी बांधांवरून कोकरं उड्या मारणारी, उघड्या माळावर टिटव्या ओरडत गरागरा फिरणाऱ्या. चुना लावलेली शेतघरं लांबून धुतलेल्या दातांसारखी दिसत. विल्फ शांतपणे सांगितलं तसं करत होता. एकदाच त्यानं विचारलं, “आपण कुणाकडे चाललोय?”

“जेवायला,” ती म्हणाली.

मिडलटनला चॅपलच्या दालनात चहाचा थांबा होता. बाकीची मंडळी निघून गेलेली. टेबलाशी बेसिल एकटाच शिक्का घेऊन बसलेला. हा क्लबातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत बडबड्या माणूस. एनिडनं फेरीचं कार्ड पुढे केलं, तर तो तिच्याकडे बघून हसला. तुझ्या कार्डावर मघाशीच मारला की शिक्का, म्हणाला. वयानं विसरायला लागलीस का?

एनिडनं कार्ड उलगडून दाखवलं. कोरं होतं. बेसिलनं ते उलटसुलट करून पाहिलं, खांदे उडवले, शिक्का मारला.

“पण काही म्हण, आज विल्फ जोरात आहे हं. बिशपची ती पंक्चरची गोष्ट त्यानं पुन्हा सगळी सांगितली. शेवटाला तर चहा माझ्या नाकातून आला. म्हातारा अजून कुणाच्या बापाला ऐकत नाही.”

ती गोष्ट विल्फ वर्षानुवर्षं सांगत आला होता. मात्र नाताळापासून त्याला तिचा शेवट सापडत नव्हता. बिशप टायरवर वाकला की विल्फ थांबायचा, आणि समोरच्यांचे चेहरे बघत बसायचा.

दुसऱ्या कुणाचीतरी पिवळी गाडी आली असेल, असं एनिडनं मनाशी धरलं. या क्लबात माणसाला कुणी चेहऱ्यानं ओळखत नाही, गाडीनंच ओळखतात. ‘हिरवीवाले’, ‘ती निळी, जिचं दार आवळून बांधलंय’. लोण्याच्या रंगाची पिवळी दिसली की लोक नुसता हात वर करणार. तिनं बेसिलला ते सांगायला तोंड उघडलंसुद्धा. पण तो इतका खुश दिसत होता, आणि विल्फचं कौतुक किती दिवसांनी तिच्या कानावर पडत होतं.

“हो,” ती म्हणाली, “गोष्ट सांगायची तर त्यानंच.”

बाहेर पडताना खिडकीतल्या रिकाम्या कपाकडे तिचं लक्ष गेलं. काठावर ओठांचा ठसा होता. पोवळ्याच्या रंगाचा. तो रंग आता दुकानात मिळत नाही. तिच्याकडे लिपस्टिकची जुनी कांडी होती, सणावारीच लावायची. आज लावली होती.

आल्स्टनपर्यंतचा रस्ता उजाड. झाडं नाहीत, घरं नाहीत, नुसती तपकिरी माळरानं आणि वारा. ती गिअर सांगत राहिली, तो बदलत राहिला. आल्स्टनच्या चढाच्या दगडी रस्त्यावर, खानावळीच्या दारात गाडी लावताना तिला घाम फुटला. इथेही मंडळी जेवून पुढे गेलेली. खानावळवाली, लाल गालांची जाडजूड बाई, टेबलं पुसत होती. ती वर बघून थबकली. मग तिच्या चेहऱ्यावर माया आली.

“परत आलात? काही विसरलं का? तुम्ही त्या कोपऱ्यात बसला होतात ना, त्या चष्म्याच्या बाईंशी बोलत, डोळे पुसत. मीच तुम्हाला पाणी आणून दिलं. आता बरं वाटतंय ना, बाई?”

कोपऱ्यातल्या टेबलावर पाण्याचा पेला तसाच होता, अर्धा.

एनिडला वाटलं, आता सांगावं, की ती मी नव्हते. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. ती मी नव्हते, कारण मी असं कुणाजवळ बसून रडू शकत नाही, कारण मी सकाळपासून या माणसाला हातापायांसकट चालवत आणतेय. खानावळवाली वाट बघत उभी होती.

“हो,” एनिड म्हणाली, “बरं वाटतंय.”

आणि ते म्हणताना तिला क्षणभर खरंच बरं वाटलं. तिला त्याचीही लाज वाटली.

गावाबाहेर रस्ता फुटतो. एक वर हार्टसाइडच्या घाटाला आणि पलीकडे तळ्यांच्या मुलखात उतरतो. दुसरा हेक्सहॅमला, म्हणजे घराकडे. फाट्यावर विल्फनं, तिनं न सांगताच, गाडी हळू केली.

घराच्या रस्त्यावर पुढे एक पिवळी गाडी चालली होती. टप उघडा, डिकीवर पट्ट्यानं आवळलेली त्यांच्यासारखीच वेताची पेटी. चालवणाऱ्या बाईच्या डोक्यावर निळा रुमाल होता. शेजारी बसलेल्या माणसाची मान किंचित तिच्याकडे कललेली. वळणाशी बाईनं अलगद गिअर बदलला, इतका अलगद की आवाजात सांधा कळला नाही, आणि गाडी बांधाआड गेली.

एनिडचा हात आपल्या डोक्यावरच्या निळ्या रुमालाकडे गेला.

विल्फनं क्लबवाले करतात तसा हात वर केला होता.

“ओळखीची माणसं दिसतात,” तो म्हणाला.

“कोण, विल्फ?”

“नाव नाही आठवत. बाई चालवत होती. चांगली चालवत होती.”

तिथूनच घराकडे वळायला हवं होतं. घाटात विल्फला नेऊ नये, हे तिला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. पण तळ्याकाठी लोक वाट बघत होते. आणि घराकडे वळलं असतं, तर त्या रस्त्यावर ती पिवळी पुढे होती.

“डावीकडे,” ती म्हणाली.

माथ्यावर ढग उतरलेला. ओला, थंड, मेंढ्यांच्या लोकरीचा वास असलेला. ढगातून बाहेर आल्याबरोबर उतार सुरू झाला आणि खाली सगळं खोरं उघडं पडलं, शेतांचे तुकडे, पलीकडे निळे डोंगर.

“दुसरा गिअर. ब्रेक.”

पहिलं वळण त्यानं घेतलं.

“ब्रेक. विल्फ, ब्रेक.”

गाडीनं वेग घेतला. त्याचा पाय भलत्याच ठिकाणी दाबला गेला होता आणि तो तिच्याकडे बघत होता, पाहुण्याकडे बघावं तसा, अदबीनं.

“तुम्हाला लांब जायचंय का, बाई?” त्यानं विचारलं.

तिनं मधला हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. चाकं किंचाळली. गाडी आडवी फिरली.

थांबली.

पुढचं चाक गवतात होतं. गवतापुढे काही नव्हतं.

कुणी पाहिलं नव्हतं. हाच पहिला विचार तिच्या मनात आला, विल्फ जिवंत आहे याच्याही आधी.

तिनं त्याला हाताला धरून उठवलं, पलीकडे बसवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या जागेवर बसली. घाट तिनं उतरवला. पुढचा सगळा रस्ता तिनं चालवला. विल्फनं मान तिच्याकडे कलवली होती. तळं दिसलं, हॉटेलचं फाटक दिसलं, हिरवळीवर पेले घेऊन उभी असलेली माणसं झाडांतून दिसली. मग तिनं गाडी कुंपणाआड थांबवली, खाली उतरली, आणि त्याला पुन्हा स्टिअरिंगमागे बसवलं. त्याचे हात उचलून चाकावर ठेवले. केस सारखे केले.

“पहिला गिअर,” ती म्हणाली. “फक्त पहिला. आणि हस.”

तो हसला. टाळ्या पडल्या. विल्फ फाटकातून आत आला, जसा ती महिनोन्‌महिने मनात आणत होती अगदी तसा. माणसं गाडीभोवती जमली, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. फक्त पायऱ्यांवर उभी असलेली हेस्टर टाळ्या वाजवत नव्हती. तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

तिनं एनिडला आत नेलं, एका लहानशा खोलीत, जिथे टेलिफोन होता आणि खिडकीतून हिरवळ दिसत होती. दार लावलं. बाहेर विल्फ अजून चाकावर हात ठेवून बसलेला, सगळ्यांकडे बघून हसत. एनिडला ते हसू बघवेना.

“त्याला गाडी चालवता येत नाही,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “हिवाळ्यापासून येत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं. मी लपवलं. तो मला ओळखत नाही, हेस्टर, आणि मला त्याची लाज वाटते. आज घाटात मी त्याला मारलंच होतं.”

हेस्टरनं चष्मा काढला. तो पुसत राहिली, बराच वेळ. पुन्हा घातला नाही.

“हे तू मला आल्स्टनला सांगितलंस,” ती म्हणाली. “घाटाचं सोडून बाकी सगळं. हेच शब्द, लाजेचासुद्धा. मला शपथ घातलीस, कुणाला बोलू नकोस म्हणून. त्याला शेजारी बसवलंस आणि गाडी स्वतः घराकडे नेलीस, मी रस्त्यात उभी राहून बघितलं. मघाशी तुम्ही फाटकातून आलात, तेव्हापासून ते बोलणं मी गळ्यात धरून बसलेय.”

एनिडनं खुर्चीची पाठ पकडली.

“फेरी अर्ध्यात सोडणाऱ्यानं घरी पोचल्यावर इथे कळवायचं असतं,” हेस्टर हळू म्हणाली. “तू कळवलंस. तुम्ही यायच्या जरा आधी. फोन मीच घेतला. सुखरूप पोचलो म्हणालीस. मी विल्फचं विचारलं. तर म्हणालीस, त्याला झोप लागलीये, फार शांत झोपलाय, आता त्याला उठवणार नाही.”