गुणगुणून गप्प झालेली चक्की

सिंकखालच्या चक्कीतून "हूंऽऽऽ" असा आवाज आला. पाच-सहा सेकंदच. मग "टक्!" झालं आणि सगळं शांत.

केतकी पोह्यांची बशी हातात घेऊनच ओट्याकडे धावली.

साल होतं २०६१. सांगलीत कचऱ्याची गाडी फिरणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. केतकीच्या इमारतीत प्रत्येक सिंकखाली एक चक्की होती. भाजीची देठं, साली, उरलंसुरलं अन्न त्या चक्कीत बारीक व्हायचं, पाण्याबरोबर तळघरातल्या टाकीत उतरायचं आणि त्यापासून तयार झालेला गॅस पुन्हा घराघरांतल्या शेगड्यांत यायचा. केतकीला कळू लागल्यापासून त्यांची चक्की एकदाही बंद पडली नव्हती.

भिंगरीने पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही. भिंगरी म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. चाकांवर सतत गरगरत असते म्हणून केतकीनेच तिला हे नाव दिलं होतं. तिने आपलं एक बोट चक्कीच्या वायरला लावलं.

"वीजप्रवाह शून्य. मोटर निकामी. नवी चक्की मागवते, ही काढून तळघरात ठेवते."

"पण आत्ता तर गुणगुणत होती!" केतकी म्हणाली. "मेलेली मोटर आवाज कसा करेल?"

"मला माहीत नाही. प्रवाह शून्य म्हणजे मोटर निकामी, एवढंच मला शिकवलेलं आहे." आणि भिंगरीने पाना काढला.

आबा टेबलाशी बसले होते. ते केतकीच्या आईचे वडील. तीस वर्षं त्यांनी विजेच्या मोटरींवर संशोधन केलं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात दुबळा झाला. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण बोलताना शब्द सापडायचे नाहीत. म्हणून ते फारसे बोलेनासेच झाले होते. करायचे ते एकच काम, केतकीला सुट्टी असली की तिच्यासाठी पोहे. तेही डाव्या हाताने. गेल्या आठवड्यात उकळतं दूध त्यांच्या पायावर सांडलं, तेव्हा आई रडवेली होऊन म्हणाली होती, "बाबा, आता पुन्हा काही झालं तर तुम्ही ओट्याकडे जायचं नाही. मला धसका बसलाय."

आज आबांनी स्वतःच्या बशीतल्या पोह्यांना हात लावला नव्हता. ते चक्कीकडेही बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

भिंगरीने पहिला स्क्रू सैल केला.

"थांब," आबा म्हणाले. मग बराच वेळ ओठ नुसते हलले. "निकामी... नाही ती."

केतकीला आनंद झाला. आबा आपणहून बोलले होते! "मग काय झालंय तिला? बघू का आत?" असं म्हणत तिने हात थेट सिंकच्या भोकात घातला.

"हात नको!"

इतका मोठा आणि स्पष्ट आवाज तिने सहा महिन्यांत ऐकला नव्हता. तिने झटकन हात मागे घेतला.

"आधी... ते..." आबांनी भिंतीकडे बोट केलं. "प्लग."

"पण चक्की बंदच आहे ना?"

"बंद पडली. आपण... बंद केली नाही. फरक आहे."

केतकी समजली. आपोआप थांबलेलं यंत्र आपोआप सुरूही होऊ शकतं. तिने बटण बंद केलं, प्लग उपसून बाजूला ठेवला आणि आबांनी मान हलवल्यावरच विजेरी घेऊन आत डोकावली. तिला वाटलं होतं, आत मिक्सरसारखी पाती असतील. पण तिथे होती एक सपाट तबकडी. तिच्यावर दोन बोथट लोखंडी तुकडे सैल बसवलेले होते आणि भोवती किसणीसारखं खरखरीत कडं होतं.

"पाती कुठायत?"

आबांनी टेबलावरचं स्टीलचं ताट पुढे ओढलं, त्यात मधोमध चार शेंगदाणे ठेवले आणि डाव्या हाताने ताट गर्रकन फिरवलं. शेंगदाणे घसरत काठावर जाऊन आदळले.

"कळलं!" केतकी म्हणाली. "तबकडी फिरते, साली बाहेर फेकल्या जातात आणि किसणीवर घासून बारीक होतात. ते लोखंडी तुकडे त्यांना ढकलत राहतात."

"केंद्रोत्सारी बल," आबा एका दमात म्हणाले आणि स्वतःच चकित झाले. (गोल फिरणाऱ्या वस्तूला आपण मध्यापासून बाहेर ढकलले जातोय असं वाटतं, त्या ढकलण्याला केंद्रोत्सारी बल म्हणतात.) अवघड शब्द त्यांना सापडत होते, ते रोजचेच हरवत होते.

केतकीने पुन्हा विजेरी मारली. किसणी आणि लोखंडी तुकडा यांच्या फटीत काहीतरी चमकलं. मिसळणाच्या डब्यातली छोटी चमची! हळद घालायची.

ती मागे वळली. आबांची मान खाली गेली होती.

"धुताना... निसटली," ते म्हणाले. "आवाज आला मला. सांगणार होतो. तेवढ्यात भिंगरीने... बटण दाबलं. आणि मग सांगवेना."

मोठ्या माणसांनाही चूक लपवावीशी वाटते, हे तिला माहीतच नव्हतं. मागच्या वर्षी वर्गातली भिंगाची काच फुटली तेव्हा तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आबा मघाशी गप्प राहिले असते तर भिंगरी चक्की घेऊन गेलीच असती, कुणाला काही कळलंही नसतं.

ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "आबा, तुम्ही सांगा, मी करते. माझे हात चांगले आहेत."

आबांनी मान वर केली. "खाली... मध्यभागी. सहा कोनांचा खळगा."

चक्कीच्या बुडाशी खरंच तसा खळगा होता. भिंगरीच्या हत्यारांच्या पेटीतून आबांनी सहा कोनांची वाकडी किल्ली (ॲलन की) निवडून दिली. केतकीने ती खळग्यात बसवली आणि सगळा जोर लावला. किल्ली ढिम्म हलेना.

"जोर नको. इकडे... मग तिकडे. डोलव."

आबा तिच्याजवळ जमिनीवर टेकले आणि त्यांनी आपला डावा हात तिच्या हातावर ठेवला. थोडं इकडे, थोडं तिकडे. किल्ली केसभर हलली, मग बोटभर, आणि "कट्" आवाज होऊन तबकडी मोकळी झाली. केतकीने चिमट्याने चमची उचलली. ती पार वाकडी झाली होती.

"आता लावू प्लग?"

"नाही. तापलीय. पंधरा मिनिटं."

"पण आबा, ती तापली कशाने? फिरतच नव्हती!"

आबांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. "सायकल... जोरात चालवलीस, तर समोरून?"

"वारा लागतो."

"आणखी जोरात?"

"आणखी जास्त वारा."

मग तुटक तुटक शब्दांत, मध्येच कागदावर बाण काढत त्यांनी जे सांगितलं, ते असं. मोटर फिरू लागली की ती आत येणाऱ्या विजेला स्वतःच उलट ढकलू लागते. (याला विरोधी विद्युतदाब म्हणतात.) जितकी वेगात फिरेल, तितकी जास्त ढकलते. त्यामुळे वीज बेताचीच आत येते. पण मोटर अडकली की उलटं ढकलणारं कुणी उरत नाही. वीज लोंढ्यासारखी आत घुसते आणि तारा तापतात.

"म्हणजे 'हूं' आवाज झाला तेव्हा ती जिवंत होती! फिरायला धडपडत होती!" केतकी ओरडली. "मग टक्?"

आबांनी कागदावर एक पट्टी काढली. ती होती द्विधातू पट्टी (दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली). उष्णतेने एक धातू जास्त लांबतो, दुसरा कमी, म्हणून तापली की पट्टी वाकते. वाकली की विजेची वाट तुटते. मोटर जळण्याआधी हा पहारेकरी दार लावून घेतो.

"म्हणून प्रवाह शून्य," भिंगरी म्हणाली. ती केव्हापासून शेजारी उभी राहून ऐकत होती. "मी दार लागल्यावर मोजलं."

पंधरा मिनिटांनी केतकीने चक्कीच्या बुडाचं, तुटलेली विजेची वाट पुन्हा जोडणारं लाल बटण दाबलं. ते दाबलेलं राहिना, लगेच बाहेर आलं. तिचा चेहरा पडला. "अजून गरम आहे," आबा शांतपणे म्हणाले. आणखी दहा मिनिटांनी बटण आत जाऊन बसलं. केतकीने गार पाणी सोडलं, प्लग लावला, श्वास रोखला आणि चक्की सुरू केली.

घर्रर्र! केतकी आबांच्या गळ्यातच पडली.

दुपारी आई आली. केतकी काही बोलणार, तोच आबांनी तिला हाताने थांबवलं. वाकडी चमची त्यांनी आईसमोर ठेवली आणि सगळं स्वतः सांगितलं. अडखळत, शब्द शोधत, पण शेवटपर्यंत. आईने मध्ये एकदाही त्यांचं वाक्य पुरं केलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी इतकी घाबरवते का हो तुम्हाला?" तिने त्यांचा दुबळा हात हातात घेतला. "चुकलंच माझं. ओटा तुमचाही आहे. फक्त उकळतं काही असेल तेव्हा आमच्यापैकी कुणाला तरी हाक मारायची. आणि सिंकच्या भोकावर आजच जाळी बसवू."

भिंगरीने मान गोल फिरवली. "माझ्याकडे एक माहिती आहे. या इमारतीत या वर्षी निकामी म्हणून काढलेल्या चक्क्या चौदा. सगळ्या तळघरात आहेत. किती गुणगुणल्या होत्या, याची कुणी नोंद केलेली नाही."

आबा एकदम उठून उभे राहिले.

आठवडाभर रोज संध्याकाळी केतकी, आबा आणि भिंगरी तळघरात जात होती. आबा सांगायचे, केतकी किल्ली डोलवायची. शेजारची माणसं बघायला यायची. एक आजी तर आपली हरवलेली कर्णफुलाची फिरकीही परत घेऊन गेली. आबांचे शब्द अजून हरवायचे, पण ते वाट पाहायचे आणि ऐकणारेही वाट पाहायचे. भिंगरीने "गुणगुणली का?" हा प्रश्न गावातल्या सगळ्या यंत्रमानवांना कळवून टाकला.

चौदांपैकी नऊ चक्क्या फिरू लागल्या.

"आणि या पाच?" केतकीने विचारलं. "या खरंच मेल्यात?"

"हो," आबा म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने पेचकस उचलला आणि तिच्यापुढे धरला. "कशाने मेल्या... ते बघू. उघड."